‘फिअर’मधले सैनिक हुशार का वाटतात? गेममधल्या एआयचा एक प्रकरण अभ्यास

खेळाडू खोलीत शिरतो, दार लावून घेतो आणि दाराला अंग टेकून उभा राहतो. बाहेरचा सैनिक दार उघडायला जातो, ते उघडत नाही. मग तो लाथ घालतो. तेही साधत नाही, तेव्हा खिडकीतून आत झेप घेतो आणि थेट हातघाईवर येतो.

हा प्रसंग ‘फिअर’ या २००५ साली आलेल्या फर्स्ट पर्सन शूटर गेममधला, म्हणजे पात्राच्या नजरेतून पाहत गोळीबार करायच्या गेममधला. आधी दार, मग लाथ, मग खिडकी असा क्रम कुणीही लिहून ठेवलेला नव्हता. सैनिकाला एवढंच ठाऊक होतं की समोरच्या शत्रूला संपवायचंय, आणि दार उघडणं, लाथेनं तोडणं, खिडकीतून उडी मारणं, जवळून वार करणं या गोष्टी आपल्याला येतात. जुळणी त्यानं त्या क्षणी केली. मोनोलिथ प्रॉडक्शन्स या अमेरिकन स्टुडिओत या गेमचं एआय लिहिणारे जेफ ऑर्किन यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हे उदाहरण सांगितलं आणि त्यामागची सगळी रचनाही उलगडून दाखवली. बहुतेक गेमच्या पोटात काय चालतं ते बाहेरच्यांना कधीच कळत नाही. इथे ते कळतं, म्हणून हे प्रकरण मोलाचं आहे.

प्रश्न असा: हे सैनिक हुशार वाटतात ते नेमके कशामुळे? ते खोलवर विचार करतात म्हणून, असं मला वाटत नाही. त्यांचा विचार बराच तोकडा आहे. पण वाट अडली की तो वळतो, आणि वळताना खेळाडूला ऐकू येतो. ही दोन कामं कशी साधली, हेच इथे पाहायचं आहे.

आधी काय अडत होतं

गेममधल्या पात्राचं वागणं लिहिण्याची रुळलेली पद्धत म्हणजे फायनाइट स्टेट मशीन. पात्र एका वेळी एकाच अवस्थेत असतं: गस्त, शोध, हल्ला, पळ. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत कधी जायचं, याचे नियम प्रोग्रामर लिहितो. अवस्था चार असतात तोवर आकृती कागदावर सुबक दिसते. त्या वीस झाल्या की बाणांचं जाळं होतं आणि नवा बाण काढताना जुन्या कुठल्या वागण्याला धक्का लागेल, ते सांगता येत नाही.

मोनोलिथला याची झळ २००२ च्या ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर २’ या गेममध्ये लागली होती. त्यातल्या पात्रांना उद्दिष्टं होती, पण प्रत्येक उद्दिष्टाच्या आत त्याचं स्वतःचं छोटं स्टेट मशीन होतं. काम सुरू असताना मध्येच ठरलं की अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या पात्रानं दिवा लावला पाहिजे. मागणी रास्त होती; अंधारात चाचपडणारा पहारेकरी कुणालाही खोटा वाटेल. पण त्यासाठी प्रत्येक उद्दिष्टाच्या आतलं यंत्र उघडून त्यात दिव्याची पायरी बसवावी लागली. गस्तीवरचा माणूस दिवा लावतो आणि शोध घेणारा मात्र लावत नाही, असं एका ठिकाणी जरी राहून गेलं तरी खेळाडूचा विश्वास उडतो.

‘फिअर’च्या वेळी अपेक्षा आणखी वाढल्या. सैनिकांनी एकमेकांशी जुळवून घेत लढायचं होतं, आडोसा शोधायचा होता, खोलीतलं सामान वापरायचं होतं. आणि एआयसाठी प्रोग्रामर एकच होता. ऑर्किन यांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो: प्रोग्रामर एक असला तरी पात्रं पुष्कळ आहेत, तेव्हा कामाचा काही भार पात्रांनीच उचलावा.

हेतू वेगळा, कृती वेगळी

‘फिअर’मधून स्टेट मशीन हद्दपार झालं नाही, ते आक्रसलं. त्यात तीनच अवस्था उरल्या: कुठेतरी जाणं, ॲनिमेशन चालवणं आणि एखादी वस्तू वापरणं. तिसरी अवस्थाही मुळात दुसरीचाच प्रकार आहे. कोणतं ॲनिमेशन चालवायचं ते तिथे वस्तू सांगते, एवढाच फरक. थोडं थांबून पाहिलं तर हे पटतं. गेममधलं पात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं आणि काही हालचाल करतं, याखेरीज ते काही करत नाही. गोळी झाडणं, काडतुसं भरणं, टेबल आडवं पाडणं, सगळी ॲनिमेशनंच. अवघड असतं ते यातलं काय, केव्हा आणि कशानंतर, हे ठरवणं. तो निर्णय स्टेट मशीनकडून काढून प्लॅनरकडे, म्हणजे हेतू गाठण्यासाठी कृतींचा क्रम जुळवणाऱ्या भागाकडे, दिला गेला. या पद्धतीला गोल ओरिएंटेड ॲक्शन प्लॅनिंग म्हणतात. गेम बनवणारे थोडक्यात ‘गोप’ म्हणतात.

गोपमध्ये पात्राकडे दोन वेगवेगळ्या याद्या असतात. एक हेतूंची: शत्रूला संपवणं, जीव वाचवणं, गस्त घालणं. दुसरी कृतींची. कोणत्या हेतूसाठी कोणती कृती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक कृती स्वतःबद्दल दोनच गोष्टी सांगते: माझ्याआधी काय खरं असायला हवं, आणि माझ्यानंतर काय खरं होईल.

याचा फायदा ऑर्किन यांनी एका छोट्या चाचणीतून दाखवला, आणि सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत शिकवणारा भाग हाच वाटतो. एका लेव्हलमध्ये, म्हणजे गेमच्या एका टप्प्यात, तीन पात्रं सोडली: सैनिक, अदृश्य होऊ शकणारा मारेकरी आणि उंदीर. तिघांना हेतू तेच दोन दिले, गस्त घालणं आणि शत्रूला मारणं. कृती मात्र ज्याच्या त्याच्या. सैनिकानं बंदूक चालवली. मारेकरी धावत जवळ आला आणि त्यानं अंगावर झेप घेतली. उंदराकडे शत्रूला मारणारी एकही कृती नव्हती, म्हणून तो हेतू त्याला साधेना आणि तो गस्त घालत राहिला. तीन प्राण्यांसाठी तीन डोकी लिहावी लागली नाहीत. वेगळेपण कृतींच्या यादीतून आलं. गेम बनवणाऱ्या लहान चमूला यातून केवढी मोकळीक मिळते, ते ज्यानं एकदा तरी शत्रूचं वागणं हातानं लिहिलंय त्याला लगेच कळेल.

प्लॅनर आतून कसा चालतो

ही कल्पना गेममध्ये जन्मली नाही. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६० च्या दशकात ‘शेकी’ नावाचा रोबो बनत होता. खोल्यांमधून वाट काढणं आणि ठोकळे ढकलणं हे त्याचं काम. त्या प्रकल्पातून १९६८ साली पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांचं ‘ए स्टार’ हे वाट शोधण्याचं अल्गोरिदम आलं, आणि १९७१ साली रिचर्ड फाइक्स आणि निल्सन यांचा ‘स्ट्रिप्स’ हा प्लॅनर. गेमच्या दुनियेनं यातलं ए स्टार आधीच उचललं होतं; पात्रानं भिंतींना वळसा घालून कसं जावं यासाठी ते सर्रास वापरलं जात होतं. ऑर्किन यांनी स्ट्रिप्सही आणलं आणि दोन्हींची गाठ घातली. ए स्टार नकाशावरची वाट शोधतं, त्याला कृतींची वाट शोधायला लावली.

शोध उलट्या दिशेनं चालतो. हेतू आहे ‘शत्रू मेलेला असावा’. हे कोण साधतं? गोळी झाडणं. त्याआधी काय हवं? बंदूक भरलेली. ती भरलेली नसेल तर ती कोण भरतं? काडतुसं भरण्याची कृती. तिला काय हवं? बंदूक हातात. ती हातात आहे. झाली योजना: भर, झाड.

एकापेक्षा जास्त वाटा निघतात तेव्हा प्रत्येक कृतीची किंमत कामी येते. समजा, उघड्यावर उभं राहून गोळी झाडण्याची किंमत पाच ठेवली आणि आडोशामागून झाडण्याची दोन. प्लॅनर सर्वांत स्वस्त वाट निवडतो, म्हणून आडोसा हाताशी असेल तर सैनिक त्यामागूनच लढेल; नसेल तर उघड्यावर. ‘आडोसा असेल तर’ असा नियम कुठेच लिहिलेला नाही. हे आकडे माझे, समजावण्यापुरते; पण पात्राचा स्वभाव आकड्यांतून घडवता येतो, हा मुद्दा त्यांतून स्पष्ट व्हावा. भित्रा सैनिक हवा असेल तर उघड्यावरची किंमत वाढवा.

दाराचा प्रसंग आता उलगडतो. योजनेतली पायरी फसली की योजना रद्द होते, आणि जे नव्यानं कळलं ते लक्षात ठेवून प्लॅनर पुन्हा बसतो. दार उघडत नाही हे कळल्यावर दार उघडण्याची कृती बाद. उरलेल्यांत स्वस्त काय ते शोधायचं. लाथ फसली की तीही बाद. सैनिक चिकाटीनं मार्ग काढतोय असं दिसतं. प्रत्यक्षात त्यानं ओळीनं तीन छोट्या योजना आखल्या.

हे सगळं वेळेच्या कडक हिशोबात बसवावं लागतं. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यांतला मोठा वाटा चित्र रंगवण्यातच जातो. म्हणून प्लॅनर दर चित्राला चालत नाही. हेतू बदलला किंवा योजना मोडली तरच चालतो. शिवाय तो स्वतः जगाकडे पाहत नाही. शत्रू दिसतोय का, कुठला आडोसा सुरक्षित आहे, अशी महाग विचारपूस सेन्सर, म्हणजे पात्राचे डोळे-कान होणारे प्रोग्रामचे तुकडे, आपापल्या गतीनं करत राहतात आणि उत्तरं पात्राच्या कार्यस्मृतीत लिहून ठेवतात. प्लॅनर ती स्मृती वाचतो. ही मांडणी एमआयटी मीडिया लॅबमधल्या आभासी प्राण्यांवरच्या कामातून घेतलेली आहे. तिचा एक चांगला परिणाम असा की सैनिकाला त्यानं पाहिलेलं, ऐकलेलंच ठाऊक असतं. सगळं काही जाणणारा शत्रू हा गेममधला सर्वांत कंटाळवाणा शत्रू, आणि तो टाळण्याची सोय इथे रचनेतच झाली.

पथक

खेळणाऱ्यांना ‘फिअर’मधली सगळ्यांत जास्त लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे सैनिक मिळून घेरतात. एक समोरून गोळीबार करतो, दुसरा वळसा घालून बगलेत येतो. यावर ऑर्किन यांनी दिलेलं स्पष्टीकरण ऐकण्यासारखं आहे: घेरण्याची डावपेची आज्ञा गेममध्ये नव्हतीच.

होत्या त्या चारच साध्या पथक-हालचाली. सगळ्यांनी आडोसा गाठणं, त्या वेळी एकानं गोळीबार चालू ठेवणं. शत्रूच्या अधिक जवळच्या आडोशाकडे सरकणं. एका ओळीत सावध पुढे जाणं, त्यात शेवटच्यानं मागे लक्ष ठेवणं. आणि जोडीजोडीनं खोल्या धुंडाळणं. जवळजवळ असलेल्या सैनिकांचं एक पथक धरलं जाई आणि समन्वयक हा प्रोग्रामचाच एक भाग त्यांना आज्ञा देई. आज्ञा म्हणजे तरी काय, तर सैनिकाच्या यादीत आणखी एक हेतू. पायाशी ग्रेनेड पडला असेल तर जीव वाचवण्याचा हेतू वरचढ ठरतो आणि आज्ञा मागे पडते.

आता खेळाडू जागा बदलतो. एका सैनिकाचा आडोसा त्यामुळे निकामी होतो, कारण तिथे आता गोळी लागू शकते. तो नवा आडोसा शोधतो. सर्वांत जवळचा सुरक्षित आडोसा खेळाडूच्या बगलेला असतो. तो तिकडे धावतो. त्याच वेळी दुसरा गोळीबार करत असतो, कारण हालचालीच्या वेळी एकानं तो चालू ठेवायचा असतो. खेळाडूला दिसतं ते घेरणं. दोघांनी फक्त आपला जीव सांभाळला.

याला फसवणूक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. परिणाम खराच असतो: बगलेतून खरोखर गोळी येते आणि खेळाडूला खरोखर हलावं लागतं.

बोललं म्हणून समजलं

सैनिकानं कितीही चांगला निर्णय घेतला तरी खेळाडूला त्याचं कारण दिसत नाही. त्याला एक माणूस धावताना दिसतो, इतकंच. ‘फिअर’नं इथे घेतलेला निर्णय प्लॅनरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि मला वाटतं त्याची चर्चा त्या मानानं फार कमी होते.

गोळी लागलेला सैनिक नुसता कण्हत नाही. साथीदार त्याला विचारतो की तुझी काय स्थिती आहे, आणि तो सांगतो की मला लागलंय. एका वाक्याच्या जागी दोन माणसांतला संवाद येतो, आणि लगेच ते पथक वाटू लागतं. दुसरं उदाहरण अधिक सुरेख आहे. कधी कधी गोळ्या अंगावर येत असतात तरी सैनिक जागचा हलत नाही, कारण जवळपास सुरक्षित आडोसाच उरलेला नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा सरळ सरळ बग, प्रोग्राममधली चूक, वाटेल. इथे साथीदार ओरडतो की तिथून नीघ, आणि तो उत्तर देतो की जायला जागाच नाही. उणीव होती तिथेच एका अडकलेल्या माणसाची घालमेल उभी राहिली. कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं. खेळाडूला कारण कळलं, एवढंच.

आणखी एक. पथकातला शेवटचा सैनिक कुमक मागतो. त्यानं कुणालाही खरोखर बोलावणं धाडलेलं नसतं. पण पुढे गेल्यावर खेळाडूला सैनिक भेटणारच असतात, आणि भेटतात तेव्हा तो स्वतःच दुवा जोडतो: यांना त्यानं बोलावलं.

क्रम लक्षात घ्यावा. सैनिक आधी बोलून मग ठरवत नाहीत. निर्णय आधी होतो, आवाज त्याच्या मागून येतो. कथेत हे सैनिक एका सेनापतीच्या मनःशक्तीनं चालणारे क्लोन आहेत. त्यांना एकमेकांशी मोठ्यानं बोलायची खरं तर गरज नसावी. ती गरज खेळाडूची आहे, आणि कथेच्या काटेकोरपणापेक्षा तिला वरचं स्थान दिलं हे योग्यच झालं.

जागेचा वाटा

यातलं काहीच रिकाम्या मैदानात चाललं नसतं. मोनोलिथमध्ये लेव्हल डिझायनरचं काम सैनिकाला पावलोपावली काय करायचं ते लिहून देणं हे नव्हतं. कथेतले ठरावीक प्रसंग तेवढे लिहिले जात. त्यांचं काम संधींनी भरलेली जागा उभी करणं. आडोसा होऊ शकणारं सामान, झेप घेण्याजोगी खिडकी, एकाच खोलीला दोन-तीन दारं. आडोशाच्या जागा हातानं खुणावून ठेवलेल्या असत. वर सांगितलेलं घेरणं घडतं, कारण वळसा घालता येईल अशी वाट कुणीतरी आखलेली असते. निव्वळ प्लॅनर उचलून सरळसोट बोगद्यात बसवणाऱ्याला हा परिणाम मिळणार नाही.

मर्यादा, आणि पुढे काय झालं

प्लॅनर ऐकायला मोठा वाटतो, पण त्याच्या योजना लांबलचक नसतात. एरिक जाकोपँ या संशोधकानं २०१४ मध्ये ‘फिअर’सह तीन शूटर गेममधल्या योजनांचं मोजमाप केलं, त्यातून दिसलं की या योजना अगदी छोट्या असतात. माझ्या मते यात कमीपणा नाही. लढाईत जग दर क्षणाला बदलतं, त्यामुळे दहा पायऱ्यांची योजना तिसऱ्या पायरीला मोडणारच.

खरी अडचण नियंत्रणाची. अमुक क्षणी सैनिकानं अमुकच करावं, अशी डिझायनरची इच्छा असेल तर गोपमध्ये ते किमतींशी झटापट करून साधावं लागतं, आणि एक किंमत हलवली की दुसरीकडे काहीतरी हलतं. ज्यांना ही सूत्रं अधिक हातात हवी होती ते दुसऱ्या वाटेनं गेले. ‘हॅलो २’ या गेमनं २००४ सालीच बिहेवियर ट्री, म्हणजे वागण्याचे पर्याय झाडाच्या फांद्यांसारखे मांडण्याची पद्धत, रुजवलं होतं, आणि पुढे उद्योगात तेच जास्त पसरलं. ‘किलझोन २’नं २००९ साली श्रेणीबद्ध प्लॅनर घेतला, ज्यात मोठ्या कामाचे छोटे तुकडे कसे पाडायचे ते डिझायनर आधी सांगून ठेवतो. गोपही टिकून राहिलं: २००७ चं ‘स्टॉकर’, आणि मोनोलिथचंच २०१४ चं ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’.

आज एआय म्हटलं की डोळ्यांसमोर शिकणारी मॉडेल येतात. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणारं ‘अल्फास्टार’ आणि ‘डोटा २’ खेळणारं ‘ओपनएआय फाइव्ह’ यांनी २०१९ साली अव्वल व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. ती थोर कामं आहेत, पण त्यांचं उद्दिष्ट जिंकणं होतं. ‘फिअर’मधल्या सैनिकाला शेवटी हरायचं असतं, आणि हरण्याआधी खेळाडूला विचार करायला भाग पाडायचं असतं. जिंकण्यावर बक्षीस देऊन शिकवलेला शत्रू नेम न चुकवणारा होईल. तो चांगला शत्रू होईलच असं नाही.

वाक्यं रचणाऱ्या भाषिक मॉडेलचं तसं नाही. त्यांना या रचनेत नेमकी जागा दिसते, ती बोलण्याची. ‘फिअर’च्या वेळी प्रत्येक वाक्य आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावं लागे, म्हणून प्रसंग मोजके आणि वाक्यं तीच तीच. आता सैनिकाच्या कार्यस्मृतीत जे आहे आणि प्लॅनरनं जे ठरवलंय, तेवढं मॉडेलला देऊन त्या क्षणाचं वाक्य मागता येईल. अट एकच, आणि तिच्यावर मी अडून बसेन: वाक्यात जो दावा येईल तो स्मृतीत असलाच पाहिजे. सैनिक म्हणाला की शत्रू जिन्यावर आहे, तर त्याच्या सेन्सरनं शत्रूला जिन्यावर पाहिलेलं असलं पाहिजे. ते प्रत्येक वाक्यागणिक आपोआप तपासता येतं. स्मृतीशी न जुळणारं वाक्य गाळून टाकावं आणि सैनिकाला त्या वेळेपुरतं गप्प ठेवावं.